दोन दारांची गाडी आणि पाठराखीण

तमाम पाटोदेकर, आमची भावकी, सोयरेधायरे, दुकानाचे गिऱ्हाईक आणि रस्त्यावरचे सर्व पंक्चरवाले बंधू यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या गाडीला दोनच दारे आहेत. ती पहिल्यापासून दोनच होती. उरलेली दोन कंपनीकडून यायची राहिलेली नाहीत, कुठल्या अपघातात गेलेली नाहीत, आणि पुढच्या सुगीला मी ती बसवून घेणार आहे ही बातमीही साफ खोटी आहे. तरी यापुढे याबाबत कोणीही विचारणा करू नये.

ही जाहीर सूचना मी पानटपरीवर, बाजारसमितीच्या फाटकात आणि एकदा दहाव्याच्या जेवणातही दिलेली आहे. उपयोग शून्य. परवाच एक गृहस्थ गाडीला प्रदक्षिणा घालून आले आणि हळहळत म्हणाले, "दोनच बसली व्हय दारं?"

आता थोडं मागचं सांगतो. माझं पाटोद्यात खतं-बियाणांचं दुकान आहे. आमच्या जिल्ह्यात माणसाची उंची त्याच्या गाडीच्या उंचीवरून मोजतात. सरपंच झाला की गाडी उंच होते, सभापती झाला की आणखी उंच होते, आणि त्याच्या पुढे गेला की गाडीत चढायला पायरी लागते. रंग पांढरा. अशा मुलखात मी वयाची पन्नाशी जवळ आली असताना एक पिवळी, बुटकी, दोन दारांची, पळायला तरबेज अशी गाडी घेतली. तिच्या छतावर कोपर टेकवून उभ्याने चहा पिता येतो. हा तिचा पहिला फायदा. दुसरा फायदा आठवायला मला नेहमी थोडा वेळ लागतो.

आठवला. मांजरसुंब्याचा घाट. सकाळी रस्ता मोकळा असताना बीडला निघावं, खिडकी खाली करावी आणि पहिल्या वळणाला गाडी अशी घालावी की टायरांनी रस्त्याला मिठीच मारली पाहिजे. त्या वळणांवर मी खतविक्रेता नसतो, कुणाचा नवरा नसतो, माझे गुडघेही दुखत नसतात. मग घाट संपतो आणि बाकीचा जिल्हा सुरू होतो.

बाकीचा जिल्हा म्हणजे गतिरोधक. आमच्याकडे हे काम सरकारवर सोडत नाहीत. एखाद्या शेळीला मोटरसायकल घासून गेली की संध्याकाळच्या आत गावकरी मुरूम आणून रस्त्यावर असा काही बांध घालतात की पाणी अडावं. उंच गाड्या त्यावरून डुलत जातात. माझी गाडी त्याच्यावर पोट टेकवून बसते, म्हशीसारखी. त्यावर मी उपाय काढला होता. गाडी तिरपी घालायची आणि त्याआधी सोबतच्याला खाली उतरवून वजन हलकं करायचं. बहुतेक वेळा सोबतची म्हणजे बायको. एकदा सौताड्याला जाऊन आलो, तर घरी आल्यावर ती म्हणाली, "मी गाडीत बसून आले का गाडीसंगं चालत आले, तेवढं सांगा. कुनी विचारलं तर काय सांगू?"

दुकानाच्या दृष्टीने तर बोलायचीच सोय नाही. खताच्या दुकानदाराच्या गाडीत खताची गोणी बसत नाही, ही गोष्ट मी बरेच दिवस लपवून ठेवली होती. आमच्या हमालाने एकदा गोणी पाठीवर घेऊन गाडीभोवती फेरी मारली, जागा शोधली, गोणी परत थप्पीला लावली आणि शांतपणे म्हणाला, "मालक, ही गाडी न्हाई, सॅम्पल पाकीट हाय. आता आख्खी गाडी मागवा."

टायरची कथा निराळीच. त्याची जाडी इतकी कमी की पंक्चरवाल्याने ते हातात फिरवून विचारलं, "हे टायर हाय का हातातलं कडं?" त्या मापाचं टायर बीडमध्ये मिळत नाही. पुण्याहून येईपर्यंत गाडी विटांवर उभी, वरून ताडपत्री. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "कसं हाय आता?" आजारी माणसाबद्दल विचारावं तसं. एका म्हातारीने तर घरगुती औषधही सुचवलं.

तर सांगायचा मुद्दा असा की बायकोचा धीर संपत आला होता. तिला सात माणसं बसतील अशी गाडी हवी होती. तिचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा. बीडच्या एका हौशी पोराला माझी गाडी हवी होती आणि त्याचा नंबर बायकोने माझ्याआधी आपल्या मोबाईलमध्ये घेऊन ठेवला होता.

अशात भाचीचं लग्न ठरलं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. दिलं होतं घाटनांदूरच्या पुढच्या एका गावात. घर चांगलं, मुलगा चांगला. आणि या पोरीने भर बैठकीत जाहीर केलं की, सासरी जाईन तर मामाच्या पिवळ्या गाडीतून.

माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली. बायको मात्र स्वयंपाकघरातून सावकाश बाहेर आली आणि म्हणाली, "पाठराखीन कोन जानार हाय, माहिताय ना?"

पाठराखीण म्हणजे नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिची सोबत म्हणून माहेरची जी वडीलधारी बाई जाते ती. नवरीसोबत बसायचं, नवरीसोबत उतरायचं, दोन दिवस तिथे राहून तिला रुळवायचं आणि मग परत यायचं. मानाचं काम. हे काम भाचीच्या आत्याकडे होतं, म्हणजे माझ्या दाजींच्या बहिणीकडे.

आत्याबाईंबद्दल काय सांगावं. देहाने भरघोस, गुडघ्याने अधू आणि रुसण्यात आख्ख्या तालुक्यात पहिल्या. एका जावळाच्या कार्यक्रमात त्यांचा पाट दुसऱ्या नंबरला मांडला म्हणून त्या घराचं पाणी त्या आजही पीत नाहीत. त्या दारावरून जाताना तोंडावर पदर घेतात. एका लग्नात आहेराची साडी मनाजोगी आली नाही, तर त्यांनी ती घडी न मोडता परत पाठवली आणि वर स्वतःची एक जास्तीची भारी साडी ठेवली, म्हणजे समोरच्याने जन्मभर खाली मान घालून हिंडावं.

बायकोने अट घातली. "आत्याबाई ह्या गाडीतून जातील. रुसल्या न्हाईत तर गाडी राहू द्या, मी परत नाव काढनार न्हाई. रुसल्या, तर लग्नाचं आवरलं की त्या बीडच्या पोराला किल्ली द्यायची."

"आणि हसल्या तर?"

"त्या हसलेल्या कुनी बघितल्यात?"

झालं. पिवळ्या गाडीचं नशीब आता आत्याबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलं.

मी तयारीत कसर ठेवली नाही. आधी एकदा रिकामी गाडी घेऊन सगळा रस्ता बघून आलो. पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, घाटनांदूर. कुठला गतिरोधक तिरपा घ्यायचा, कुठे उसाच्या ट्रॉल्या आडव्या उभ्या असतात, कुठे पुलाचं काम चालू आहे, सगळं पाठ केलं. मागच्या सीटवर उशी टाकली, अत्तर शिंपडलं. मागचं सीट म्हणजे खरं तर कंपनीने विनोद म्हणून केलेली जागा. तिथे जायचं तर पुढचं डावीकडचं सीट झुकवून त्या फटीतून जावं लागतं. ड्रायव्हरचं सीट झुकत नाही, ते खिळलेलं. तिथली मागची काचही उघडत नाही. पण उशीमुळे ती जागा जराशी माणुसकीची वाटू लागली होती.

लग्न लागलं, जेवणं उठली, पोरगी रडून झाली. नवरदेवाचा फेटा एवढा उंच की गाडीत डोकं घातलं तर फेटा बाहेर राहात होता. शेवटी उपरण्याची गाठ तेवढ्यापुरती सोडली आणि तो आपल्या मित्रांसोबत जीपमध्ये बसला. मागून एका मोठ्या गाडीत माझी बायको आणि बाकीची मंडळी. माझ्या गाडीत पुढे नवरी, मागे आत्याबाई.

आत्याबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मामा, मागचं दार कुठं हाय?"

"मागचं दार नसतं आत्याबाई. सीट झुकतं, तिथून जायचं."

"म्हंजी वाकून."

"थोडंसं."

"म्या सासऱ्याम्होरं वाकले न्हाई. तुमच्या गाडीम्होरं वाकू व्हय?"

भाची डोळे पुसत म्हणाली, "आत्या, माझ्यासाठी." तेवढ्यावर त्या तयार झाल्या. आधी पिशवी आत गेली, मग पदर गेला, मग एक पाय गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही, आणि मग आत्याबाई एकदम गेल्या. गाडी मागून खाली बसली. मी सीट जागेवर लावलं, शालू सावरून भाचीला बसवलं, दार लावलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बसताना तर सगळं सुरळीत पार पडलं होतं.

पहिल्या गतिरोधकाला मागून प्रश्न आला. "मामा, हिला स्प्रिंगा हायत का?"

"आहेत की. पळणाऱ्या गाडीच्या आहेत, म्हणून जरा कडक असतात."

"मंग न्हाईत म्हना की सरळ."

दुसऱ्याला त्यांचं डोकं छताला लागलं. तिसऱ्याला त्यांनी डोकं आधीच हाताने धरलं. मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबलो, पण मी त्यांना उतरू दिलं नाही. म्हटलं, पुन्हा बसवायचं म्हणजे नवा मुहूर्त काढावा लागेल. चहा खिडकीतून भाचीकडे आणि भाचीकडून मागे गेला. तिथे त्या उतरल्या असत्या तर माझ्या लक्षात एक गोष्ट आली असती आणि पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण हुशार माणूस हुशारीनेच बुडतो.

केजच्या पुढे रस्ता चांगला लागला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग मागे टाकली आणि मला राहवलं नाही. पाय जरा दाबला. गाडी अशी निघाली की भाची हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मी आरशात बघितलं. आत्याबाईंनी दोन्ही सीटं घट्ट धरली होती आणि तोंडातून अक्षर निघत नव्हतं. अंबाजोगाई गेलं, घाटनांदूर गेलं, तरी नाही. त्यांचा बोलण्याचा रुसवा परवडतो, गप्प राहण्याचा नाही. त्या जावळाच्या कार्यक्रमातही त्या अशाच गप्प उठल्या होत्या म्हणतात.

दिवस मावळायच्या आत पोचलो. दारात मांडव, बँड, हातात फुलांची ताटं घेतलेल्या पोरी, सगळं गाव गोळा. नवरदेवाची जीप आधीच आलेली. नवरीची सासू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप भरलेलं. मी ऐटीत उतरलो, फिरून आलो आणि भाचीचं दार असं उघडलं, जणू राणीची पालखीच टेकली.

तिने पाय बाहेर काढला तेवढ्यात नवरदेवाच्या चुलतीने हात आडवा केला. "थांब गं बाय. पाय टेकू नको. आधी पाठराखीन उतरंल, ती तुझा हात धरंल, मंग तू उतरायचं."

बरोबर. आमच्याकडेही तसंच असतं. पाठराखीण आधी. मी मान डोलावली, आत वाकलो, आत्याबाईंकडे बघितलं, आणि तसाच वाकलेला राहिलो.

आत्याबाई उतरायच्या तर पुढचं सीट झुकायला हवं. सीट झुकायला नवरी उतरायला हवी. आणि नवरी उतरायची तर आत्याबाई आधी उतरायला हव्यात.

मी ही अडचण शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितली. मांडवातले सगळे एकदम बोलायला लागले.

"ड्रायव्हरकडून काढा की."

"ते सीट झुकत नाही."

"कावून झुकत न्हाई?"

"कंपनीने तसंच केलंय."

"मंग कंपनीला फोन लावा," एक चुलते म्हणाले. "मानूस अडकलंय म्हनाव."

"काच फोडू का?" कुणीतरी दगडसुद्धा उचलला होता. त्याला मी गाडीपासून लांब नेलं.

बँडवाला पुढे आला. "वाजवू का थांबू?" कुणीतरी वाजव म्हणालं. त्याच्याकडे एकच गाणं तयार होतं, ते तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला.

एका शहाण्या बाईने तोड सुचवली. नवरीने जागेवरूनच सरकत ड्रायव्हरच्या सीटवर जावं, म्हणजे पाय जमिनीला लागणार नाही आणि सीटही झुकेल. भाची सरकायला लागली. शालू गिअरला अडकला, हातातला हिरवा चुडा हँडब्रेकवर करकरला आणि बायका एकदम ओरडल्या, "थांब, थांब, चुडा वाढवशील!" पहिल्याच दिवशी सासरच्या दारात बांगडी फुटायची म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भाची परत जागेवर.

आत्याबाई मागच्या काचेतून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या, फोटोतल्या माणसासारख्या. सासूबाईंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "विहीनबाईस्नी पानी तरी द्या," त्या म्हणाल्या. पाणी भाचीमार्फत आत गेलं.

एवढ्यात मागची मोठी गाडी आली. माझी बायको उतरली. तिने गर्दी बघितली, बंद काचेमागच्या आत्याबाई बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. हाताची घडी घातली. मी आयुष्यात तिची इतकी समाधानी घडी बघितलेली नाही.

तेव्हा भाची पुढून म्हणाली, "मामा, डिक्की."

बरोबर होतं पोरीचं. मागच्या सीटची अर्धी पाठ खाली पडते आणि डिक्कीला वाट होते. फक्त डिक्की भरलेली होती. सामान उतरवायला सुरुवात झाली. बॅग निघाली, शिदोरीचे डबे निघाले, रुखवताची करंज्यांची परात निघाली, बुंदीच्या लाडवांचा डबा निघाला, शेवटी एक गादीची वळकटी निघाली, जी मी स्वतः गुडघ्याने दाबून कोंबली होती. माणसांनी रांग लावून सामान मांडवात पोचवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल नवरीसोबत आख्खं दुकान आलंय.

मी सीटची पाठ पाडली आणि आत डोकं घालून म्हटलं, "आत्याबाई, इकडून यावं लागतं."

त्यांनी त्या बोगद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "डोकं आधी का पाय आधी?"

यावर बाहेर दोन मतं पडली. एका बाजूचं म्हणणं पाय आधी, कारण जमीन लागते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं डोकं आधी, कारण कुठं चाललोय ते दिसतं. शेवटी पाय ठरले. लाजेकाजेला म्हणून माझ्या बायकोने मांडवातली एक चादर उचलली, एक टोक आपण धरलं, दुसरं नवरदेवाच्या चुलतीने. अंतरपाटच जणू. त्या चादरीमागे मी आणि दाजींकडचा एक भाऊ आत्याबाईंना बाहेर घेत होतो. आधी जोडवी दिसली. मग बराच वेळ जोडवीच दिसत राहिली. मग एक हात, मग कण्हणं, मग गाडी एकदम हलकी होऊन वर उचलली गेली आणि आत्याबाई जमिनीवर उभ्या राहिल्या.

चादर खाली आली.

बँडवाल्याला वाटलं नवरी उतरली. त्याने होता तेवढा जोर लावला. फुलांची ताटं घेतलेल्या पोरींनाही तसंच वाटलं. सगळी फुलं, झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, नवरीसाठी राखलेलं सगळं आत्याबाईंवर उधळलं गेलं. मागची माणसं टाचा उंच करून बघत होती, ओसरीवरची खाली उतरून आली, दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले.

मग चूक लक्षात येऊन बँड मधेच थांबला.

आत्याबाईंचा अंबाडा सुटलेला, नाकावर एक पाकळी, लुगड्याला गाडीच्या कोपऱ्यातलं वंगण. त्यांनी पाकळी काढली. पदर सारखा केला. मी माझ्या बुटांकडे बघत होतो आणि मनातल्या मनात बीडच्या त्या पोराच्या हातात किल्ली ठेवत होतो, गाडी घाटात कशी घालायची तेही त्याला सांगत होतो. बायकोच्या हातातली चादर अजून अर्धी लोंबत होती. सासूबाईंचा तांब्या तिरका झाला होता.

आत्याबाईंनी चारी बाजूंची गर्दी एकदा नीट बघून घेतली. मग भाचीच्या दाराशी गेल्या, तिचा हात धरला, आणि तिला उतरवता उतरवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या लग्नात बी मला उतरवून घ्यायला एवढं गाव आलं न्हवतं. मामा, मला न्यायला याल तवा हीच गाडी आना."